घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर टीव्ही रेकॉर्ड करता येईल का? (सोलापूर)

येतो की, पण आधी सिग्नल कुठला ते बघा. केबल-डीटीएचचे पैसे भरायचे चॅनल कुलूपबंद असतात, ट्यूनर कार्डाला (कॉम्प्युटरमध्ये टीव्हीचा सिग्नल घेणारं कार्ड) ते उघडत नाहीत. दूरदर्शनच्या मोफत डीडी फ्री डिशचे एमपेग-2 (व्हिडिओ दाबून पाठवायची एक पद्धत) चॅनल मात्र मोकळे. डिशची छत्री आग्नेयेला वळवा, जीसॅट-15 उपग्रहाकडे, 93.5 अंश पूर्व. डीव्हीबी-एस2 (उपग्रहाचा सिग्नल घेणारं) ट्यूनर कार्ड आणि लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमवर टीव्हीहेडएंड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, झालं काम. प्रोसेसर जुनाच चालतो. आलेला डेटा तो नुसता डिस्कवर उतरवतो, तासाला साधारण 1 ते 2 जीबी.

पैसे घालायचेच तर यूपीएसमध्ये घाला. परवा लाईट गेली आणि आईचा सह्याद्रीवरचा कार्यक्रम नेमका शेवटी तुटला, अजून ऐकून घेतोय! आणि मे महिन्यात कॉम्प्युटरचं कॅबिनेट पत्र्याच्या खोलीत नको, आपल्याकडचं ऊन माहितीये ना.