मॉरिशसला अडकलेले मदतीचे बॉक्स : माझा अनुभव

ताई, पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. पुराच्या बातम्या बघून ठाण्याच्या तुमच्या सोसायटीने कपडे, चादरी जमवून तुमच्या नावावर मॉरिशसला पाठवल्या, बॉक्स पोर्ट लुईच्या बंदरात अडकलेत, ठेवायचं भाडं चढतंय आणि रेड क्रॉस ते सोडवून घेईल का असं तुम्ही विचारलंय. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या वाहून गेल्या ना, त्यानंतर आमचं अगदी हेच झालं होतं.

सामान निघण्याआधी इथे मॉरिशसमधल्याच एका ऑफिसात (नाव घेत नाही) मी स्वतः जाऊन विचारलं होतं. तिथल्या बाई म्हणाल्या, मदतीच्या सामानाला काही लागत नाही, पाठवा बिनधास्त. लेखी द्या म्हटलं तर म्हणे गरज नाही. बॉक्स आल्यावर त्याच काउंटरला दुसरे साहेब, आणि ते म्हणाले की व्यक्तीच्या नावावर कस्टम्स शुल्कात सूट मिळत नाही, घेणारी संस्था नोंदलेली हवी, वापरलेल्या कपड्यांचीसुद्धा नगावार किमतीसकट यादी हवी. यादी नेली तर किमती रुपयात आहेत, कुठले रुपये, इथले की भारतातले, परत लिहून आणा!! भारतात लोकांनी इतक्या मनापासून घड्या घालून भरलेले बॉक्स होते हो. आणि तोवर पूरग्रस्त लोक घरं धुऊन कामाला पण लागले होते. याचा राग मला आजही येतो.

पण रेड क्रॉसवर रागावू नका. न मागितलेले जुने कपडे त्यांनी नाही घेतले तर माझ्या मते ते बरोबरच आहे, कारण निवडायला, वाटायला माणसं लागतात आणि तीच माणसं तेव्हा चिखल काढायला हवी असतात. शिवाय सामानाची सोय बरीचशी आधीच केलेली असते. शेजारच्या रियुनियन बेटावरून फ्रेंच रेड क्रॉसची पिरोई नावाची यंत्रणा २००० सालापासून चालते, मॉरिशस रेड क्रॉसही त्यात आहे, ताडपत्र्या, ब्लँकेट वगैरे या भागातल्या गोदामांत वादळाआधीच ठेवलेलं असतं. ठाण्याहून बोटीने येणारी चादर त्याच्या आधी कशी पोचणार?

कमी पडतात ती माणसं. ३० मार्च २०१३ ला पोर्ट लुईत दोनेक तासांत एवढं पाणी भरलं की ११ जण गेले, काही तर भुयारी मार्गात आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये. अशा वेळी जवळ जो असेल तोच उपयोगी. २०२० ला वाकाशिओ जहाजाचं तेल समुद्रात सांडलं तेव्हा मॉरिशसच्या किनाऱ्यावरच्या माएबूरला लोकांनी उसाचं पाचट कापडात भरून तरंगते बांध शिवले, कुणाची वाट बघत बसले नाहीत.

बॉक्सचं म्हणाल तर दोन गोष्टी लेखी विचारा : दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या नावावर करता येतात का, आणि नाही तर हक्क सोडायची पद्धत काय. भाडं मालाच्या किमतीपेक्षा वाढलं असेल तर मी तरी सोडून देईन. मी वकील नाही आणि नियम बदलले असतील, तेव्हा कस्टम्सच्या माहितगार माणसाला विचाराच. सोसायटीवाले ८०जी ची (देणगीवरच्या आयकर सवलतीची) पावती मागतील, पण परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर ती सवलत नाही, आधीच सांगून टाका म्हणजे नंतर कटकट नको.

तुम्ही मॉरिशसलाच राहता तर स्वतः रेड क्रॉसच्या व्हॉलंटियर व्हा असं मी आग्रहाने सांगेन. वादळांचा सीझन नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत, म्हणून फर्स्ट एडचा कोर्स जून ते ऑक्टोबरमध्ये उरकून घ्या, ऐन वादळात शिकवायला कुणाला वेळ नसतो. थोडी क्रेओल, म्हणजे इथली रोजची बोली, पण शिका. वाक्वा गावात मराठी आडनावाच्या आजी भेटतील, गणपतीत आरती म्हणतील, पण घरात बोलतात क्रेओलच, आणि घाबरलेला माणूस घरच्याच भाषेत बोलतो. आणि क्लास ४, म्हणजे वादळाचा सगळ्यात वरचा इशारा, लागला की इशारा उठेपर्यंत घराबाहेर पडायचं नाही, मदतीला म्हणूनसुद्धा नाही.