पॉइसन लावण्याआधी जरा थांब

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या मोबाईल टॉवरचा डेटा हाती आला रे आला की पॉइसन (प्रत्येक आगमन स्वतंत्र आणि सरासरी वेग ठरलेला, असं धरणारं संभाव्यतेचं मॉडेल) लावून मोकळा होऊ नकोस. मीही तेच केलं होतं. कागदावर बफर (पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे, रांगेत थांबायची जागा) प्रशस्त, आणि संध्याकाळी पॅकेटं धडाधड गळायला लागली. डॅनिश गणितज्ञ एर्लांगने 1909 मध्ये पॉइसन वापरला तो टेलिफोन कॉलसाठी. तिथे तो चपखल बसतो. डेटा मात्र झुंबडीने येतो. बेलकोर या अमेरिकन टेलिफोन-संशोधन कंपनीतल्या संशोधकांनी 1994 साली इथरनेटवर (संगणक जोडणाऱ्या तारेच्या नेटवर्कवर) दाखवलं, की मिलिसेकंदांवर बघा नाहीतर मिनिटांवर, खडबडीतपणा काही जात नाही.

आधी एवढं कर. दर 10 मिलिसेकंदांची पॅकेटमोजणी घे, तिचे 10-10 चे, मग 100-100 चे गट पाडून सरासऱ्या काढ. पॉइसन असेल तर गट दहापट मोठा झाल्यावर सरासऱ्यांचा व्हेरियन्स (त्या किती विखुरल्यात याचं माप) दहाव्या हिश्शावर येतो. त्याहून सावकाश उतरला, तर हर्स्टचा आकडा (झुंबड किती लांबवर टिकते याचं माप; पॉइसनला 0.5) 0.5 च्या वर गेलाय असं समज. (हा हर्स्ट मूळचा नाईलच्या पाण्याचा अभ्यासक. गंगापूर धरणाचं पाणी पिणाऱ्याने त्याला परका मानू नये!)

पण पहाटेची शांतता आणि संध्याकाळची गर्दी एकाच फायलीत असली, तर त्यानेही हा आकडा उगाच फुगतो. म्हणून तासातासाचे तुकडे पाड. सिंहस्थातल्या पर्वणीचा रामकुंडावरचा दिवस तर वेगळाच ठेव.

आणि टॉवरवर मोजतोस ती मागणी नव्हे, चॅनेलमधून निघालेला माल आहे. सेल (टॉवरच्या टापूतली जागा) भरला की आलेख चॅनेलच्या क्षमतेच्या छताला टेकतो. एका तासाचा आलेख काढून पाठव, मग बोलू.