बॅकप्लेट आणि विंगचा हार्नेस अंगाला कसा जुळवावा?

आपण स्कूबा डायव्हिंगसाठी स्टीलची बॅकप्लेट (पाठीवरची धातूची पाटी), एका सिलिंडरसाठीची विंग (हवा भरून तरंगण्यासाठीची पिशवी) आणि न कापलेला एकसंध पट्टा घेतला असून हार्नेस (प्लेट अंगाला बांधणारी पट्ट्याची बांधणी) कसा ओवावा, खांद्यावर तो किती घट्ट असावा आणि उरलेला पट्टा कधी कापावा, असे विचारले आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: किमान पाच-सहा डायव्ह होईपर्यंत पट्ट्याला कात्री लावू नये. आरशासमोर जुळवलेले माप पाण्यात क्वचितच तसेच राहते. लांब पट्टा केव्हाही ओढून आखूड करता येतो, कापलेला मात्र वाढवता येत नाही.

पट्टा साधारण ५ सेंमी रुंद आणि नवा असताना बराच ताठ असतो. तो थोडा वेळ पाण्यात भिजवून घेतल्यास प्लेटच्या खाचांतून ओढताना बोटांना त्रास कमी होतो. पट्ट्याचा मध्य शोधून तेथे खडूने खूण करावी आणि ती खूण प्लेटच्या वरच्या दोन खाचांच्या बरोबर मध्ये येईल असे पाहावे, म्हणजे दोन्ही खांद्यांना सारखी लांबी मिळते. वरच्या खाचांची रचना प्रत्येक बनावटीत थोडी निराळी असते, म्हणून तेवढा भाग प्लेटसोबतच्या आकृतीप्रमाणेच ओवावा. तेथून पुढे प्रत्येक बाजूचा पट्टा खांद्यावरून छातीवर येतो, काखेखालून मागे जातो, प्लेटच्या खालच्या खाचेतून बाहेर पडतो आणि तोच कमरेचा पट्टा होतो. छातीवरच्या डी-रिंगा (साहित्य अडकवण्याच्या D आकाराच्या कड्या) व त्यांना पट्ट्यावर जागच्या जागी धरून ठेवणारे खाचांचे तुकडे, म्हणजे स्लायडर, पट्टा खालच्या खाचेत घालण्यापूर्वीच चढवलेले असले पाहिजेत, कारण एखादी रिंग विसरली तर ती संपूर्ण बाजू उसवून पुन्हा ओवावी लागते. खालच्या खाचेपाशीही एकेक स्लायडर लावावा. नाहीतर खांद्याची लांबी हळूहळू कमरेकडे सरकत राहते.

एकसंध पट्ट्याची ही पद्धत फ्लोरिडातील गुहांमध्ये उतरणाऱ्या डायव्हरांनी रुजवली आणि त्यांच्यापैकी विल्यम होगार्थ मेन यांच्या नावावरून तिला होगार्थियन म्हणतात. खांद्यावर प्लॅस्टिकचे बकल नाही, म्हणजे डोक्यावर दगडाचे छत असताना तुटायलाही काही नाही, हा तिच्यामागचा विचार मला आजही पूर्णपणे पटतो.

आता मापाकडे वळू. ज्या सूटमध्ये डायव्ह करणार तोच सूट घालून माप घ्यावे; ३ मिमीच्या आणि ७ मिमीच्या वेटसूटमध्ये पट्ट्याच्या लांबीत सहज जाणवण्याइतका फरक पडतो. माझ्या पहिल्या हार्नेसचे खांद्याचे पट्टे मी पाठीवरची सॅक आवळावी तसे आवळले होते. जमिनीवर ते अगदी योग्य वाटले. पाण्यात मात्र डोक्यामागच्या, सिलिंडरच्या व्हॉल्व्हकडे हात नेताना बोटे चार अंगुळे अलीकडेच थांबत होती आणि डायव्ह संपल्यावर पट्ट्यातून कोपर निघेना, तेव्हा सोबत्याला माझा हात धरून बाहेर काढावा लागला. चूक समजुतीची होती. सॅकचे वजन खांदे पेलतात. पाण्यात आडवे असताना प्लेट आपल्या पाठीवर टेकलेली असते, तिला विंग उचलून धरते आणि खांद्यांवर भार जवळजवळ नसतोच. प्लेट जागेवर ठेवण्याचे काम कमरेचा पट्टा आणि क्रॉच स्ट्रॅप करतात. म्हणून खांद्याचा पट्टा इतका सैल असावा की गळपट्टीच्या हाडाखाली उघडा तळहात त्याच्या आतून सहज सरकेल, आणि प्लेटची वरची कड इतकी उंच असावी की खांद्यावरून हात मागे नेल्यावर ती बोटांना लागेल.

क्रॉच स्ट्रॅप प्लेटच्या खालच्या टोकापासून दोन पायांमधून पुढे येतो आणि त्याच्या फाशातून कमरेचा पट्टा जातो. बकल उघडले की दोन्ही एकदम सुटतात. ते बकल मध्यापासून थोडे उजवीकडे ठेवावे, म्हणजे फासा त्यावर चढून ते नकळत उघडत नाही. सरळ उभे राहिल्यावर क्रॉच स्ट्रॅप टोचत नसेल आणि डोके खाली केल्यावर प्लेट मानेकडे घसरत नसेल, तर लांबी बरोबर आहे.

छातीवरच्या डी-रिंगा काखेच्या पातळीच्या किंचित वर असाव्यात आणि प्रत्येक रिंगेपर्यंत दोन्ही हात पोहोचले पाहिजेत. डाव्या कमरेवरची रिंग प्रेशर गेजच्या (सिलिंडरमधील हवेचा दाब दाखवणाऱ्या मापकाच्या) क्लिपसाठी. ती न पाहता सापडेल इतकी पुढे, पण पोटावर येणार नाही इतकी बाजूला हवी. विंगमध्ये हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरची नळी डाव्या खांद्यावरून आणून छातीच्या रिंगेवरील रबरी फाशातून ओवली की ती लोंबकळत नाही.

सिलिंडर प्लेटला बांधणारे नायलॉनचे पट्टे भिजल्यावर सैल पडतात, म्हणून ते ओले करूनच आवळावेत आणि मग व्हॉल्व्ह धरून सगळा संच हलवून पाहावा. पाण्यात पाय खाली जात असतील तर सिलिंडर थोडा वर, डोक्याकडे सरकवावा.

वजनाबाबत मात्र मी आग्रहाने सांगेन. स्टीलची प्लेट साधारण अडीच ते तीन किलोची असते. पाण्याखाली जाण्यासाठी कमरेच्या पट्ट्यावर लावलेले शिसे त्या प्रमाणात उतरवलेच पाहिजे. ११.१ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाला सुमारे २२०० लिटर, म्हणजे जवळपास पावणेतीन किलो हवा असते. ती वापरली गेल्यावर, सिलिंडरमध्ये ५० बार उरले असताना आणि विंग रिकामी असताना ५ मीटरवर स्थिर राहता यावे, इतकेच वजन घ्यावे. पातळ सूट, स्टीलची प्लेट आणि स्टीलचा सिलिंडर एकत्र आले तर काही जणांचा संच टाकून देता येणाऱ्या वजनाशिवायच जड होतो आणि विंग फाटल्यास वर येणे अवघड जाते. अशा वेळी ॲल्युमिनियमची प्लेट घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

पहिली चाचणी उथळ, शांत पाण्यात सोबत्यासह करावी. व्हॉल्व्हपर्यंत हात नेणे, पाण्यातच हार्नेस काढून पुन्हा घालणे आणि विंगचा खालचा, हवा सोडण्याचा डंप व्हॉल्व्ह शोधणे या तीन गोष्टी जमेपर्यंत स्लायडर सरकवत राहावे. माप पक्के झाले की बकलच्या पुढे वीतभर पट्टा ठेवून बाकीचा कापावा आणि कापलेली कड ज्योतीवर वितळवावी. वितळलेल्या नायलॉनचा गोळा थंड होऊन कडक झाला तर तो बकलच्या फटीतून जात नाही आणि हातमोजेही फाडतो. म्हणून कड मऊ असतानाच चमच्याच्या पाठीने चपटी दाबावी आणि थंड झाल्यावर बकलमधून एकदा ओढून पाहावी.