पहिली मॅन्युअल लेन्स घेताना

भाऊ, हाताने फोकस करायच्या जुन्या लेन्सची सुरुवात एम४२ चुडीच्या (४२ मिमी आट्यांनी फिरवून बसणाऱ्या) ५० किंवा ५८ मिमी लेन्सने करा. जुनी सोव्हिएत हेलिऑस ४४-२ चांगली. बॉडी मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा, असू द्या. एम४२ चं फ्लँज अंतर (लेन्स टेकते त्या कडेपासून सेन्सरपर्यंतचं) ४५.४६ मिमी, सोनीच्या मिररलेस ई माउंटचं १८; म्हणून दोन्ही जोडणारं कडं, म्हणजे अडॅप्टर, २७.४६ मिमीचा लागतो, आत काच नको. निकॉनच्या आरसावाल्या कॅमेऱ्यांच्या एफ माउंटचं अंतरच ४६.५ मिमी, तिथे काचेशिवाय दूरचा फोकस मिळत नाही. ती काच चित्र मऊ करते, तो नाद सोडा.

अडॅप्टर जाड निघाला तर सातपुड्याची रांग कधीच धारदार येणार नाही. किंचित पातळ चालतो, फोकस अनंताच्या (सगळ्यात दूरच्या खुणेच्या) पुढे जातो एवढंच. लेन्सच्या मागे पिन असेल तर ती दाबणाऱ्या कडेचाच अडॅप्टर घ्या, नाहीतर लेन्समधली प्रकाश कमी-जास्त करणारी पाती उघडीच राहतात. कॅमेऱ्याच्या मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करा, कारण ही लेन्स कॅमेऱ्याला ओळखू येत नाही.

घेण्याआधी मागून टॉर्च मारा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, घेऊ नका. पातींवर तेलाची चमकही बघा. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात ग्रीस पातळ होऊन पातींवर उतरतं, त्यामुळे उन्हात उभ्या गाडीत लेन्स कधीच ठेवू नका. पावसाळ्यात हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत.