दर सहा महिन्यांनी इको?

प्रश्न : माझं वय 63. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, बाकी काही त्रास नाही. दोन वर्षांपूर्वी मुलाने पुण्यात ‘फुल बॉडी चेकअप’ करायला लावलं. टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टमध्ये ‘ईएफ 60 टक्के, ग्रेड वन डायस्टोलिक डिस्फंक्शन, ट्रिव्हियल टीआर’ असं आलं. घाबरून दर सहा महिन्यांनी इको करतोय. चार झाले, रिपोर्ट तोच. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, परत करू का? हिचा एकदाही झालेला नाही. ती 54 वर्षांची. जिन्यात मध्येच थांबते, रात्री दोन उशा घेते, पण ‘वजन वाढलंय’ म्हणते. दोघांचं पॅकेज घ्यावं का?
— एक वाचक, फलटण

उत्तर : तुम्ही विचारलंय स्वतःबद्दल, पण मी पत्राच्या शेवटच्या ओळींशी अडकले. तिथे येतेच.

ग्रेड वन म्हणजे ठोका पडून गेल्यावर तुमचं हृदय सैल व्हायला जरा जास्त वेळ घेतं. साठीनंतर, त्यातून रक्तदाब असेल तर, हे सर्रास दिसतं. ट्रिव्हियल टीआर ही उजवीकडच्या झडपेची किंचित गळती. धडधाकट माणसांतही सापडते. ईएफ म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती बाहेर पडतं ते. 60 म्हणजे उत्तम. (‘उरलेलं 40 टक्के गेलं कुठे?’ असं विचारायला एक निवृत्त हेडमास्तर माझ्याकडे आले होते. शंभरपैकी शंभर इथे कुणालाच मिळत नाहीत.) त्रास नाही, तपासणीत काही बदललेलं नाही, मग पाचवा इको नवीन काय सांगणार? तेवढ्या पैशात घरी रक्तदाबाचं चांगलं यंत्र येईल. मोतीबिंदूला भूल डोळ्यापुरतीच असते, त्यासाठी इको लागत नाही. आणि इको चांगला आला म्हणजे ब्लॉकेज नाही, असंही धरून चालू नका. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांतले अडथळे या तपासणीत दिसत नाहीत.

आता वहिनी. जिन्यात धाप लागणं आणि आडवं झाल्यावर उशी वाढवावी लागणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की मी वजनाचं कारण ऐकून घेत नाही. त्यांना विचारा : लहानपणी ताप येऊन गुडघे, घोटे आळीपाळीने सुजले होते का? संध्याकाळी पायावर बोट दाबलं तर खड्डा राहतो का?

ऊसतोडीला जाणारी एक बाई माझ्याकडे आली, तेव्हा ती कित्येक वर्षं दम्याचा पंप ओढत होती. तिला डाव्या कुशीवर वळवलं, स्टेथोस्कोपची लहान बाजू स्तनाखाली टेकवली, तर लांबून जातं चालल्यासारखी घरघर. बालपणीच्या सांधेतापाने डावीकडची झडप आखडली होती. दमा नव्हताच. इकोने ते पाच मिनिटांत दाखवलं, झडप किती अरुंद झालीये तेही. इकोचा जन्मच या झडपेपायी झालाय. 1953 साली स्वीडनमधल्या लुंड गावी एडलर नावाच्या हृदयतज्ज्ञाला हीच झडप ऑपरेशनआधी नीट पाहायची होती. त्याच्या भौतिकशास्त्रज्ञ मित्राने, हर्ट्झने, धातूतल्या भेगा शोधायचं यंत्र उसनं आणलं आणि ते छातीला लावलं.

वहिनींना तेच असेल असं मी म्हणत नाही. रक्त कमी असेल, थायरॉइड असेल, हृदयाचा स्नायू थकला असेल. पण त्यांचा इको व्हायला हवा आणि तो याच आठवड्यात. पॅकेज नको. आधी छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकणाऱ्या फिजिशियनला दाखवा, सोबत ईसीजी आणि हिमोग्लोबिन. इकोच्या चिठ्ठीवर नुसतं ‘चेकअप’ लिहू देऊ नका. ‘जिना चढताना धाप, रात्री दोन उशा’ असं लिहून घ्या, म्हणजे तपासणारा झडपा बारकाईने पाहील. मध्यरात्री गुदमरून उठून बसल्या, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, तडक दवाखाना गाठा.

तुमचे चार रिपोर्ट फाइलला राहू द्या. पुढे कधी धाप, सूज, चक्कर आली तर तुलनेला उपयोगी पडतील. आणि त्या दिवशी वहिनींसोबत तुम्ही जा, मुलावर सोडू नका. नाहीतर वहिनी डॉक्टरांनाही ‘वजन वाढलंय’ एवढंच सांगून परत येतील.