क्युबातलं पहिलं स्पॅनिश शहर असूनही बाराकोआ मागे का पडलं?

मुख्य कारण डोंगर. स्पॅनिश सेनानी दिएगो वेलास्केझने 1511 मध्ये बाराकोआ वसवलं, पण 1515 मध्येच राजधानीचा मान सान्तियागोकडे गेला. क्युबाच्या पूर्व टोकाला असलेल्या या गावाच्या पाठीशी डोंगररांगा आहेत. 1960च्या दशकात ‘ला फारोला’ हा घाटरस्ता होईपर्यंत तिथे जायचं तर बोटीनेच! सरकारी पहारा दूर, त्यामुळे फ्रेंच-इंग्रजांशी चोरटा व्यापार मात्र जोरात चालला. किनाऱ्यावरचे किल्ले बांधावे लागले ते चाच्यांच्या आणि इंग्रजांच्या धास्तीने.

याच डोंगरांनी पाऊसही दिला. ईशान्येचे व्यापारी वारे इथे अडतात, म्हणून बाराकोआ हिरवंगार. डोंगरापलीकडच्या दक्षिण किनाऱ्यावर पर्जन्यछाया, तिथे निवडुंग. ओलाव्यामुळे कोको आणि नारळ छान पिकतात. 1791 नंतर हैतीतून पळून आलेल्या फ्रेंच मळेवाल्यांनी कॉफी-कोकोची लागवड वाढवली.

चर्चमधला ‘क्रूझ दे ला पार्रा’ हा लाकडी क्रूस कोलंबसाने 1492 मध्ये रोवला असं सांगतात. लाकूड तपासलं तेव्हा ते स्थानिक झाडाचं निघालं. म्हणजे निदान स्पेनहून आणल्याची गोष्ट तरी बाद.