कामवाली नसलेल्या घरात वेळ कसा लावायचा: जर्मनीला निघालेल्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नवऱ्याला स्टुटगार्टजवळ नोकरी मिळाली आहे, मुलगी सहा वर्षांची आहे, आणि तिथे पोचल्यावर तुम्ही आधी जर्मन शिकून मग काम शोधणार आहात. पुण्यात धुणं-भांडी, केर-फरशी आणि पोळ्यांना मावशी येतात, तिथे कोणी नसेल. मग टाइम ब्लॉकिंग करून, म्हणजे प्रत्येक कामाला दिवसातला ठरावीक वेळ (ब्लॉक) आखून, घरकाम आणि स्वतःचा वेळ, दोन्ही जमेल का?

व्हिसा, पत्त्याची नोंदणी, आरोग्य विमा यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर नीट मिळते, ती इथे पुन्हा लिहीत नाही. पण तुमचं एक वाक्य मनात अडकून राहिलं: "मला दिवसाला अर्धा तास मिळाला तरी पुरे." पुरत नाही हो. अर्ध्या तासावर तिकडचा पहिला हिवाळा निघत नाही. म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

निघायच्या आधी पुण्यातच एक आठवडा नोंद ठेवा. साध्या वहीत दर पंधरा मिनिटांना एक ओळ. तुम्ही केलेलं काम एका रंगात, नवऱ्याने केलेलं दुसऱ्या आणि मावशींनी केलेलं तिसऱ्या. तिसरा रंग आठवड्याच्या शेवटी मोजा. तेवढे तास तिकडे तुम्हा दोघांच्या अंगावर येणार आहेत, आणि ते कसे वाटायचे हे विमानात बसायच्या आधी ठरलेलं बरं. पोचल्यावर नवरा नऊ तास ऑफिसात आणि तुम्ही घरी, अशी सुरुवात होते. एकदा का सगळी कामं एकीच्या नावावर लागली की नोकरी मिळाल्यावरही ती तिथेच राहतात. मी कितीतरी घरांत हे पाहिलंय.

इथले अंदाज तिकडे जसेच्या तसे लावू नका, कारण कामाची पद्धतच वेगळी आहे. न्हाणीघराच्या जमिनीला बहुतेक घरांत मोरी नसते. बादलीभर पाणी ओतलं तर ते खालच्या घराच्या छतात उतरतं. त्यामुळे आंघोळ झाली की रबरी वायपरने काच आणि टाइल्स लगेच निपटायच्या. एक मिनिटाचं काम आहे, पण ते टाळलं तर पाण्यातले क्षार बसतात आणि शनिवारी व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड लावून तासभर घासावं लागतं. लाकडी जमिनीवर ओला पोछा चालत नाही, घट्ट पिळलेलं फडकंच हवं, नाहीतर फळ्या फुगतात. कुकर ॲल्युमिनियमचा असेल तर डिशवॉशरमध्ये काळा पडतो, आणि साध्या ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर चालतही नाही. स्टीलचा, इंडक्शनला चालणाऱ्या बुडाचा घेऊन जा.

कपड्यांचं गणित सगळ्यात जास्त चुकतं. ४० अंशांचा इको प्रोग्राम तीन तासांच्या आसपास चालतो. 'कपडे: रात्री ८ ते ९' असा ब्लॉक टाकला की तो पहिल्याच दिवशी कोसळतो. खरे हातचे ब्लॉक तीन: मशीन भरणं १० मिनिटं, वाळत घालणं १५, घड्या करून जागेवर ठेवणं २०. मशीन संपायच्या वेळेचा गजर लावा, कारण ओले कपडे रात्रभर ड्रममध्ये राहिले की कुबट वास येतो आणि सगळं पुन्हा धुवावं लागतं. हिवाळ्यात कपडे घरातच वाळतात आणि त्या दमटपणाने कोपऱ्यात बुरशी धरते. त्यावर उपाय म्हणजे दिवसातून दोन-तीन वेळा सगळ्या खिडक्या सताड उघडून ५ ते १० मिनिटं वारं खेळू द्यायचं. खिडकी नुसती तिरपी करून ठेवली तर भिंत थंड होते, दमटपणा जात नाही. बुरशी दिसली की 'खिडक्या नीट उघडत होता का?' हाच घरमालकाचा पहिला प्रश्न असतो.

आता देशाचंच घड्याळ. रविवारी दुकानं बंद. बेकरी काही तास उघडी असते, मोठ्या स्टेशनांतली दुकानं चालू असतात, पण आठवड्याचा बाजार तिथून करणं परवडत नाही. रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची. बऱ्याच इमारतींच्या नियमावलीत दुपारी १ ते ३ सुद्धा असतं. म्हणजे व्हॅक्यूम, मिक्सर, ड्रिल ही आवाजाची कामं शनिवार सकाळपर्यंत उरकायची. रिकाम्या बाटल्या काच गोळा करायच्या सार्वजनिक कंटेनरमध्ये रविवारी टाकायच्या नाहीत. रविवारी उरतं ते बिनआवाजाचं: घड्या, इस्त्री, स्वयंपाक.

तुम्ही श्वाबेन भागात, म्हणजे स्टुटगार्टच्या परिसरात जाताय, तेव्हा 'केरवोखं'ची, म्हणजे इमारतीच्या साफसफाईच्या आठवडी पाळीची तयारी ठेवा. स्टुटगार्टमध्ये १९८८ पर्यंत हा शहराचाच नियम होता, आता भाडेकरारातून लागू होतो. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. छोट्या पाळीत आपल्या मजल्याचा जिना झाडून पुसायचा, २० ते २५ मिनिटं. मोठ्या पाळीत अंगण, फुटपाथ, तळघराची वाट, आणि हिवाळ्यात सकाळी सातच्या आत बर्फ बाजूला. इमारतीत सहा घरं असतील तर मोठी पाळी दर सहा आठवड्यांनी येते. करारावर सही झाली की वर्षभराच्या तारखा लगेच कॅलेंडरमध्ये टाका. कचऱ्याचंही तसंच: कागद, जैविक, पिवळी पिशवी (प्लास्टिक वगैरे वेष्टनांची), उरलेला, प्रत्येकाच्या तारखा वेगळ्या. नगरपालिका वर्षाची यादी देते. सकाळी लवकर गाडी येते, म्हणून डबा बाहेर काढायचा ब्लॉक आदल्या संध्याकाळी ठेवा.

आखणीची रीत अशी ठेवा. आठवड्याच्या कोऱ्या तक्त्यावर आधी हलवता न येणारं लिहा: शाळा, क्लास, ऑफिस, झोप. त्यानंतर लगेच स्वतःचे ब्लॉक. घरकाम तिसरं. हा क्रम उलटा केला की स्वतःला उरलेला वेळ मिळतो, आणि घरकामातून वेळ कधी उरत नाही. जो मोकळा वेळ राहतो त्यातला तीन पंचमांश भागच भरा, बाकी रिकामा सोडा. उशिरा येणारी एस-बान (तिकडची लोकल), मुलीचा ताप, अचानक आलेलं पत्र या सगळ्यांना तो रिकामा भाग लागतो. बुधवारची संध्याकाळ पूर्ण मोकळी ठेवणं बऱ्याच घरांना जमतं. रोज जेवणानंतर २५ मिनिटं तिघांनी मिळून आवराआवर करायची, मुलीनेही. गजर वाजला की थांबायचं, ओटा अर्धा राहिला तरी.

स्वयंपाकाला शनिवारी ९ ते ११ असा एक मोठा ब्लॉक ठेवा. एक किलो कांदा आणि एक किलो टोमॅटो परतून वाटण केलं की पाच वाट्या होतात, म्हणजे तिघांच्या चार-पाच रस्सा भाज्या किंवा उसळी. डबे सपाट ठेवून फ्रीझरमध्ये. कणीक मळून फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते, मग काळी पडते. अर्धवट भाजलेल्या पोळ्यांमध्ये बटर पेपर घालून वीस-पंचवीस गोठवल्या की दोन-तीन संध्याकाळी सुटतात. इडलीचं पीठ थंडीत ओट्यावर आठ तासांत फुगत नाही. ओव्हन न तापवता नुसता आतला दिवा लावून त्यात ठेवा, तरी बारा-चौदा तास धरा. रविवारी इडली हवी तर वाटण शनिवारी दुपारच्या शांततेआधी.

शाळेबद्दल. इथे मी जरा जास्त लिहिणार, कारण तुमची सगळी आखणी याच खांबाला टेकून आहे. पहिलीचे तास बहुतेक ठिकाणी दुपारी बाराच्या सुमारास संपतात. पुढच्या वेळेसाठी 'होर्ट' (शाळकरी मुलांचं पाळणाघर) किंवा शाळेचीच देखरेख असते, पण जागा मोजक्या. १ ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या मुलांना दिवसभराच्या देखरेखीचा कायदेशीर हक्क आहे आणि तो दर वर्षी एकेक इयत्ता वर सरकणार आहे, तरीही अर्ज घर मिळाल्याच्या आठवड्यातच करा. शाळेला वर्षात साधारण १२ आठवडे सुट्ट्या. तुम्हा दोघांना प्रत्येकी ३० दिवस रजा असली तरी ती एकापाठोपाठ एक घेतली तरच सुट्ट्या कशाबशा भरून निघतात, आणि मग तिघं एकत्र पुण्याला कधी येणार? सुट्ट्यांच्या शिबिरांची नोंदणी म्हणूनच वसंत ऋतूतच संपते. त्या तारखा जानेवारीत शोधून ठेवा.

जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे, तयारीचे वर्ग असतात. काही शाळांत ते उत्तम चालतात. पण भाषा येत नाही म्हणजे समजच कमी, असं धरून चालणारे शिक्षकही भेटतात. गणितात पुढे असलेलं मूल भाषेपायी मागे बसवलं जातं आणि आईबाप तुटक्या जर्मनमध्ये काही म्हणू शकत नाहीत. हे मला आजही सलतं. आणि चौथीनंतर, दहाव्या वर्षी, मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात, तेव्हा भाषेपायी मागे राहिलेली ही सुरुवातीची वर्षं महाग पडतात. म्हणून पहिल्या दिवसापासून रोज २० मिनिटं जर्मन मोठ्याने वाचायचा ब्लॉक ठेवा, ग्रंथालयाच्या पुस्तकांतून. तो शक्यतो नवऱ्याच्या नावावर, कारण ऑफिसातून त्याची भाषा लवकर सुटेल. मराठी वाचनाचा वेगळा ब्लॉक तुमच्याकडे, आणि 'आधी जर्मन येऊ दे' असं कोणी सांगितलं तरी तो बंद करू नका. मुलगी घरी आली की दहा मिनिटं तिची पत्रांची फाइल बघायची. फाडून सही करून परत द्यायच्या चिठ्ठ्या त्यातच असतात. पालकसभा संध्याकाळी असते. दोघांपैकी एकाने जायचंच, काही कळलं नाही तरी. चेहरा ओळखीचा झाला की पुढचं बोलणं सोपं जातं.

कागदपत्रांना मंगळवारी ४५ मिनिटं. पत्र आलं की पाकिटावर आल्याची तारीख लिहा. सरकारी निर्णयावर हरकत घ्यायला साधारण एक महिनाच मिळतो. एक जाड फाइल, आत विभाग पाडलेले: निवास, घर, शाळा, विमा, कर, बँक. निवास-परवाना संपायच्या तीन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज. मुदतीत अर्ज केला तर निर्णय होईपर्यंत जुना हक्क चालू राहतो, पण ते दाखवणारा कागद आपणच मागून घ्यावा लागतो. मागा, पुन्हा मागा, लेखी मागा. उत्तर न देणाऱ्या कार्यालयाकडे आठवडे वाट बघणं एकवेळ चालेल, पण घरी वडील आजारी पडले आणि परत आत येता येईल याचा कागद हातात नाही, ही भीती ज्याने भोगली त्यालाच कळते. मंगळवारचा ब्लॉक कोणत्याही कारणाने सोडू नका, हे मी त्यासाठी म्हणतेय.

आता स्वतःचा वेळ. डिसेंबरात तिकडे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. संध्याकाळी चालायला जाईन म्हटलं तर अंधारात चालाल. रोज ४० मिनिटं दिवसाउजेडी, ढग असले तरी बाहेर. जर्मनचा क्लास सकाळचा असेल तर परतताना दोन थांबे आधी उतरून चालत या. याशिवाय आठवड्यात दोन संध्याकाळी दीड-दीड तास, घराबाहेर, आणि शक्यतो आगाऊ पैसे भरलेलं काहीतरी. फोक्सहोखशुलेचे (मोठ्यांसाठीच्या सार्वजनिक शिक्षणकेंद्राचे) कोर्स असतात, पोहण्याचा तलाव असतो, गावच्या क्रीडामंडळाची वर्गणी फार नसते. ज्या ब्लॉकमध्ये दुसरं माणूस वाट बघत असतं तोच टिकतो. घरी बसून 'माझा वेळ' म्हणून लिहिलेला ब्लॉक सिंकमधली भांडी खातात, नाहीतर फोन. त्या दोन संध्याकाळी घर पूर्ण नवऱ्याकडे: जेवण काय करायचं, दूध आहे का, मुलीचा डबा, सगळं त्यानेच ठरवायचं. तुम्ही निघताना सूचना द्यायला लागलात तर ते काम तुमच्याच डोक्यात राहिलं.

स्वतःचा ब्लॉक त्याच आठवड्यात एकदा हलवायला हरकत नाही, पण पुसायचा नाही. मुलगी आजारी पडली तर वेगळी चिठ्ठी फ्रिजवर आधीच तयार ठेवा: गरम जेवण, स्वच्छ कपडे, झोप. त्या दिवसांत एवढंच करायचं. पहिल्या हिवाळ्यात मुलं सारखी आजारी पडतात, तेव्हा ही चिठ्ठी वारंवार लागेल.

एकटेपणाचं म्हणाल तर येतो. नोव्हेंबरात जास्त, मार्चमध्ये कमी. मोठ्या शहरांत मराठी मंडळं आहेत, गणपती-दिवाळीला जा.

घरी फोन करण्याची वेळ मात्र नीट बांधा. हिवाळ्यात पुणे साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. तिकडचे दुपारचे साडेतीन म्हणजे हिवाळ्यात आईचे रात्रीचे आठ. आठवड्यातून तीनदा, अर्धा तास, ठरलेल्या वेळी. ही वेळ स्वतःच्या ब्लॉकमध्ये धरू नका. आईशी बोलताना आवाज आनंदी ठेवावा लागतो, 'सगळं छान आहे' म्हणावं लागतं, आणि फोन ठेवल्यावर थकायला होतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणी सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं. फोननंतर पंधरा मिनिटं काहीही लावू नका. कपड्यांच्या घड्याही नकोत.

फोक्सहोखशुलेचे कोर्स साधारण फेब्रुवारी-मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतात आणि चांगले वर्ग लवकर भरतात. तुमची पोचायची तारीख ठरली की पुण्यातूनच बघून ठेवा. नवऱ्याला त्या दोन संध्याकाळचे वार आत्ताच विचारा, ऑफिसच्या बैठका त्याच्या कॅलेंडरमध्ये बसायच्या आधी.